हॉटेल-बारच्या रिकाम्या बाटल्या : इंदूरात तुम्ही काय करता?

मृण्मयी_तिलकनगर

नमस्कार मंडळी,

इंदूरातल्या एका हॉटेलचं हाउसकीपिंग आणि स्टोअर मी सांभाळते. खाली रेस्टॉरंट, वर बार, मागे लग्नाचा हॉल. कचरा वेगळा करणं आपल्या शहराला नवं नाही. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा या सहा वाटण्या आमच्याकडे नव्याने लागलेली पोरंसुद्धा चटकन शिकतात. ओल्याची काळजी तर मिटलीच आहे. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. माझं दुखणं काचेचं आहे.

काच सुक्यात जाते. रात्री बार बंद करताना पोरं दमलेली असतात. बीअर, व्हिस्की, टॉनिक, सिरप, सॉस, सगळ्या बाटल्या एकाच मोठ्या काळ्या पिशवीत पडतात. ती पिशवी जिन्यावरून ओढत खाली आणतात आणि निम्म्या बाटल्या तिथेच फुटतात. सकाळी पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला काच लागते. मागच्या लग्नसराईत आमच्या एका मुलाच्या तळहाताला टाके पडले. शिवाय लिंबाच्या साली, टिश्यू आणि चखण्याने माखलेली ती काच कबाडीही घ्यायला तयार होत नाही.

काच कितीही वेळा वितळवून पुन्हा तितकीच चांगली काच होते. अशी वस्तू आपल्या हातून वाया जावी हे मला सहन होत नाही. ज्यांच्याकडे बार, हॉटेल, ढाबा, केटरिंग आहे त्यांनी नक्की काय व्यवस्था लावली आहे ते सविस्तर लिहा. जागा किती लागते, माल कोण उचलतं, फुटक्या काचेचं काय, आणि पोरांना सवय कशी लावली?

स्टोअरकीपर_पलासिया

मृण्मयीताई, हा विषय कुणीतरी काढायलाच हवा होता. सगळ्यात आधी एक सांगतो. अख्खी बाटली नगावर विकली जाते, फुटली की किलोवर. मधे फरक फार मोठा आहे, आणि तो नुसता पैशाचा नाही. बीअरची ६५० मिलीची अख्खी बाटली कबाड्याच्या गोदामातून छाटणी होऊन पुन्हा बीअरच्या कारखान्यात जाते, तिथे गरम कॉस्टिक सोड्यात धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते. म्हणजे भट्टी पेटवायलाच लागत नाही. फुटली की मात्र तिला भट्टीत जाण्यावाचून मार्ग नाही. म्हणून आमच्याकडचा नियम एकच आहे. बाटली फुटू द्यायची नाही.

त्यासाठी यंत्र लागत नाही, खोकं लागतं. बीअर येते ती १२ खणांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. पिंट, म्हणजे छोटी बाटली, असेल तर २४. पूर्वी आम्ही रिकामी खोकी दुपारीच रद्दीत द्यायचो. आता रात्रीपर्यंत काउंटरमागे ठेवतो आणि बाटली ज्या खोक्यातून आली त्यातच परत जाते. फक्त त्याआधी ती जाळीच्या ट्रेवर उलटी करून निथळू द्यायची. ही पायरी गाळू नका. उरलेली बीअर खोक्यात झिरपली तर तळाचा पुठ्ठा भिजतो, आणि जिन्यात खोकं उचललं की तळ सुटून सगळ्या बाटल्या पायांवर येतात. ज्यांना जमेल त्यांनी प्लास्टिकची कॅरेट घ्यावीत, पण सुरुवात पुठ्ठ्याच्या खोक्यावर छान होते.

आता कबाडी बाटली नाकारतो कशावरून ते बघा. तो पहिल्यांदा तोंडावरून बोट फिरवतो. काठाचा बारीकसा टवका उडाला असेल तर बूच घट्ट बसत नाही, गॅस निघून जातो, म्हणून ती बाटली बाद. मग ती उजेडात धरतो. आत सिगारेटचं थोटूक असेल तरी बाद, कारण ओला तंबाखू आणि राख तळाला चिकटून बसते आणि धुण्यातही भरवशाने निघत नाही. आमच्या गच्चीवर थोटकं बाटल्यांतच जायची. प्रत्येक टेबलावर ॲशट्रे ठेवले आणि वेटरला सांगून ठेवलं की रिकामी बाटली टेबलावर राहू द्यायची नाही, लगेच उचलायची. नाकारलेल्या बाटल्या एकदम कमी झाल्या.

बऱ्याच कंपन्या आपलं नाव काचेतच उठवून घेतात. तशी बाटली दुसऱ्या कंपनीच्या कामाची नसते, गोदामात ती वेगळी काढावी लागते. तुम्हीच कंपनीवार खोकी भरून दिलीत तर कबाड्याचे तास वाचतात आणि तो तुमच्याकडे वेळेवर येतो.

लश्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे काचेला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, फिरोजाबाद जवळ पडतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या आसपासच्या कारखान्यांना कोळसा सोडायला लावला, त्यानंतर तिथल्या काचेच्या भट्ट्या गॅसवर गेल्या. पण बांगडी आणि बाटली दोन्हीला जुनी काच लागतेच, त्यामुळे आमच्या भागातली फुटकी काच तिकडची वाट धरते.

माझी अडचण वेगळी आहे. महागड्या विलायती व्हिस्कीच्या बाटल्या. त्या घ्यायला एक माणूस यायचा, नगाला इतका भाव द्यायचा की शंका यावी. डबा असेल तर आणखी, बूच असेल तर आणखी. त्या बाटल्यांत पुढे काय भरलं जातं हे सांगायला नको. तेव्हापासून आमचे मालक महागडी बाटली फोडूनच टाकायला लावतात. हे बरोबर की चूक?

स्टोअरकीपर_पलासिया

लश्करकर, मालकांची भीती खरी आहे, फोडणं मात्र टाळता येतं. फोडताना पोरांच्या डोळ्यांत चिपा उडतात आणि काच घाण होते ती वेगळीच. आम्ही तीन गोष्टी करतो. रिकामी झाल्याबरोबर किल्लीने किंवा चाकूने लेबल आडवं-उभं फाडतो. आबकारीचं होलोग्राम खरवडून टाकतो. बूच आणि आतली प्लास्टिकची चकती काढून वेगळ्या डब्यात टाकतो आणि पुठ्ठ्याचा डबा चपटा करून, फाडून रद्दीत देतो. लेबल, बूच आणि डबा या तिन्हींशिवाय बनावट माल भरणाऱ्याला त्या बाटलीचा उपयोग नाही. भट्टीला मात्र ती तितकीच चालते. डब्यासकट, बुचासकट बाटली मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तसल्या दारूने माणसं मरतात.

भट्टीवाला_बडोदे

मी भरूच जिल्ह्यात बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होतो. निवृत्त होऊन बडोद्यात असतो. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बारच्या बाटल्यांशी माझा संबंध फक्त भट्टीच्या बाजूने आला. ती बाजू इथे कुणी लिहिलेली नाही म्हणून लिहितो.

काच होते वाळू, सोडा ॲश आणि चुनखडीपासून. भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापलेली, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू. ती थंड करता येत नाही. या मिश्रणात जुनी काच घातली, तिला आम्ही कलेट म्हणतो, की मिश्रण लवकर वितळतं. ढोबळ हिशेब असा की दर १० टक्के कलेटमागे ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी कमी लागते. १ टन कलेट साधारण १.२ टन कच्चा माल वाचवते. तो वरचा ०.२ टन कुठे जातो? सोडा ॲश आणि चुनखडी तापल्यावर त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि धुराड्यातून जातो. जुन्या काचेतून तो पहिल्याच वेळी निघून गेलेला असतो. म्हणजे इंधन वाचतं ते वाचतंच, वर हा वायूही वाचतो. म्हणून मी कायम म्हणत आलो की भट्टीवाल्याइतकी फुटक्या काचेची किंमत कुणालाच कळत नाही.

पण कोणतीही फुटकी काच नाही. दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली रंग. पांढऱ्या, म्हणजे बिनरंगी पारदर्शक, बाटलीच्या भट्टीत हिरवी काच थोडी जरी गेली तरी सगळ्या मालाला झाक येते, कारण हिरवा रंग क्रोमियमचा असतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. तपकिरी रंग लोखंड, गंधक आणि कार्बन यांच्यामुळे येतो. बीअरला तपकिरी बाटली लागते, कारण उजेडाने हॉप्समधले, म्हणजे बीअरला चव देणाऱ्या फुलांमधले, कडू घटक मोडतात आणि बीअरला घाण वास येतो. तीन रंग एकत्र करून दिलेली काच पांढऱ्या बाटलीच्या कामातून कायमची गेली. म्हणून बारमध्येच पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी ठेवा. तुमच्या हातात बाटली अख्खी असताना ते एका नजरेचं काम आहे. फुटून मिसळल्यावर त्यासाठी कॅमेऱ्याची यंत्रं लागतात.

दुसरी गोष्ट भेसळ, आणि हॉटेलवाल्यांनी इथे फार जपायला हवं. चिनी मातीचा कप, फुटकी प्लेट, ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं, पांढरी दुधाळ डिनर प्लेट, हे काचेच्या ड्रममध्ये चुकूनही टाकू नका. चिनी माती त्या तापमानाला वितळत नाही. डाळ शिजली तरी खडा खडाच राहतो, तशी ती नव्या बाटलीच्या भिंतीत जशीच्या तशी बसते. बीअरच्या बाटलीत आत दाब असतो. खडा असलेल्या जागी बाटली तडकते, कधी भरताना, कधी गिऱ्हाइकाच्या हातात. उष्णता सोसणाऱ्या काचेचंही तेच, ती साध्या काचेत नीट विरघळत नाही. ॲल्युमिनियमचं बूच तर सगळ्यात वाईट. वितळलेल्या काचेत ॲल्युमिनियम वाळूतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सिलिकॉनचे कडक मणी तयार होतात. मी ते मणी बाटलीच्या तळात भिंगाखाली पाहिले आहेत. मण्याभोवती केसासारखी तडा असते. अख्खी खेप बाजूला काढावी लागते.

कागदी लेबलाची मात्र काळजी करू नका, ते जळून जातं. कित्येक जण भिजवून लेबलं काढत बसतात. ते पाणी वाचवा.

नर्मदाकाठ

खूप उपयोगी माहिती. आमचं रिसॉर्ट खंडवा रोडला, गावाबाहेर. कबाडी रोज येत नाही आणि अख्ख्या बाटल्या साठवायच्या तर खोली भरते. बाटल्या भरडायचं यंत्र घेण्याचा विचार आहे. भरडलेली काच फारच कमी जागा घेते. तयार झालेली वाळू पेव्हर ब्लॉकवाला घेईल असं विक्रेता सांगतो. कुणाचा अनुभव?

भट्टीवाला_बडोदे

पेव्हरमध्ये गेली की काच संपली, पुन्हा बाटली होणार नाही. माझ्या मते हा शेवटचा मार्ग. तुम्हाला अंतरामुळे यंत्र घ्यावंच लागलं तर रंगवार भरडा, बूच आधी काढा आणि पूड करू नका. नखाएवढे तुकडे राहिले तर छाटणीचं यंत्र ते ओळखू शकतं, पुडीतून चिनी मातीचा कण कुणीच वेचू शकत नाही. पूड फार असेल तर भट्टीतही उडते. आणि यंत्रावर काम करणाऱ्याला चष्मा, मास्क आणि जाड हातमोजे द्या.

बीअरची अख्खी बाटली मात्र यंत्रात घालू नका, कितीही जागा वाचो. तिचं अजून पुष्कळ आयुष्य शिल्लक असतं. वारंवार वापरलेल्या बाटलीच्या खांद्यावर एकमेकींवर घासून पांढरी गोल रेघ पडते. ती रेघ दिसली की समजा ही अनेकदा भरून आली आहे.

रामबाग_भिया

मंडळी, एका गोष्टीवर कुणी बोलत नाहीये. रिकाम्या बाटल्यांचे पैसे आजवर कुणाचे होते? बहुतेक बारमध्ये पोरांचे. मी बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस आहे, बारटेंडर म्हणून उमेदवारी केली तिथे रिकाम्या बाटलीचा पैसा आम्हा पोरांचा असायचा आणि सणाला वाटला जायचा. मग मॅनेजमेंटला कळतं की याला भाव आहे, आणि ते पैसे हॉटेलच्या खात्यात वळवतात. त्या दिवसापासून बाटली फुटली काय नि राहिली काय, पोराला काय फरक पडतो? खोकं भरायचं, निथळायचं, तीन रंग करायचे, ही रात्री बारा वाजता वाढलेली कामं आहेत. ती कुणाच्या जिवावर होणार आहेत तेही लिहा.

मृण्मयी_तिलकनगर

रामबाग_भिया, तुमचं म्हणणं अगदी पटलं. आमच्याकडेही लेखा विभागाला हे पैसे उत्पन्नात हवे आहेत. मी मालकांपुढे उलट बाजू मांडणार आहे. अख्ख्या बाटल्यांचे पैसे पोरांनाच मिळावेत, फुटक्या काचेचे हॉटेलला. मग बाटली सांभाळण्यात त्यांचाच फायदा.

हिशेबनीस_राजेंद्रनगर

वाटायला हरकत नाही, पण तोंडी व्यवहार करू नका. भंगाराच्या विक्रीची पावती हॉटेलच्या नावे होऊ द्या, रक्कम खात्यात येऊ द्या आणि तिथून कर्मचारी कल्याण म्हणून सह्या घेऊन वाटा. पावतीवर नग, किलो आणि तारीख हवीच. याचा दुसरा फायदा असा की रिकाम्या बाटल्यांचा आकडा बारच्या विक्रीच्या रजिस्टरशी ताडून बघता येतो. खपलेल्या बाटल्या आणि गेलेल्या बाटल्या यांत तफावत आली की कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच हॉटेलं आणि रेस्टॉरंटांवर जागेवर कचरा वेगळा करण्याची आणि पुन्हा वापरण्याजोगा माल अधिकृत वेचक किंवा रिसायकलरकडे देण्याची जबाबदारी टाकली. पावत्या जपून ठेवल्या तर तपासणीला कुणी आलं तरी बाजू भक्कम राहते.

स्टोअरकीपर_पलासिया

हिशेबनीस साहेबांशी सहमत. यात आणखी एक भर घालतो. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे तिथेच बसून पिण्याच्या जागा, आणि शॉप-बार बंद झाले. लोकांच्या त्रासाच्या दृष्टीने ते झालं ते ठीकच झालं. पण अहात्यात रिकाम्या बाटल्या एका जागी जमायच्या आणि कबाडी सकाळी तिथून उचलायचा. आता दुकानातून घेतलेली बाटली गाडीत, मैदानात, नाल्याकाठी कुठेही रिकामी होते. एका छपराखाली, मोजून-मापून काच जमते ती आता बार आणि हॉटेलांतच. म्हणून आपण ती नीट दिली नाही तर नीट देणारं दुसरं कोण राहिलं?

लश्करकर

दुकानातून नेलेल्या बाटलीवर उपाय निलगिरीत झाला आहे. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी हत्ती आणि इतर जनावरं जखमी होतात म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने दखल घेतली. मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊ लागले. रिकामी बाटली परत दिली की १० रुपये परत. बाटल्या परत येऊ लागल्या, पुढे योजना इतर जिल्ह्यांतही नेली. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत रकमेची योजना अधिसूचित केली. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. इंदूरसारख्या शहराने आपणहून बाटलीवर अनामत मागितली तर राज्याला ऐकावं लागेल असं मला मनापासून वाटतं.

रामबाग_भिया

अनामत आली तर पहिली मागणी माझी. परत घेण्याची जागा वस्तीत हवी आणि कबाड्यांना त्यात घ्यायला हवं. इतकी वर्षं ही सगळी साखळी त्यांनीच चालवली आहे. मशीन बसवून त्यांना बाहेर काढलं तर मी विरोधात उभा राहीन.

मृण्मयी_तिलकनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढल्यावर जे ठरलं ते लिहिते.

बार काउंटरच्या मागे भिंतीला लागून लोखंडी रॅक बसवला आहे. वर बीअरची मूळ खोकी, खाली तीन कॅरेट: पांढरी, तपकिरी, हिरवी. कॅरेटवर अक्षरांऐवजी त्या त्या रंगाची बाटलीच बांधली आहे, कारण लग्नसराईत बाहेरून येणाऱ्या मुलांना वाचत बसायला वेळ नसतो. बुचांना वेगळी बादली. फुटक्या काचेला झाकणाचा पत्र्याचा ड्रम, त्याच्या कडीला हातमोज्यांची जोडी अडकवलेली. किचनच्या फुटक्या कपबशांना त्यापासून लांब, दुसऱ्या दारापाशी स्वतंत्र डबा ठेवला, म्हणजे भट्टीवाले काकांच्या ड्रममध्ये चिनी माती जाणार नाही. बाटल्या जिन्याने न नेता मालाच्या लिफ्टने खाली येतात. लिफ्ट रात्रीही चालू ठेवायची परवानगी मागितली आणि मिळाली.

पैशांबाबत मालकांनी अख्ख्या बाटल्यांची रक्कम पोरांना द्यायला होकार दिला, पावतीच्या अटीवर. त्या दिवसापासून खोकी न सांगता भरली जातात.

कबाड्याला छोट्या मालासाठी टेम्पो आणणं परवडत नाही, म्हणून आमच्या ओळीतल्या दोन बारशी बोलले आहे. तिघांचा माल एकाच सकाळी निघेल, प्रत्येकाचं वजन वेगळं, पावती वेगळी. विजयनगर आणि स्कीम ५४ कडच्या कुणाला यात यायचं असेल तर मला निरोप टाका.

एक प्रश्न राहिला. किचनमधल्या सॉसच्या, लोणच्याच्या आणि तेलाच्या बाटल्या. त्या चिकट असतात, कॅरेटमध्ये ठेवल्या की मुंग्या येतात.

भट्टीवाला_बडोदे

ताई, व्यवस्था उत्तम लावलीत. सॉसच्या बाटल्यांना वेगळं पाणी वापरू नका. भांडी धुतलेलं गरम पाणी ओतण्याआधी त्यातच बाटली बुडवून हलवा आणि उलटी ठेवा, भट्टीसाठी इतकं पुरे. तेलाची बाटली मात्र पुन्हा भरण्याच्या मालात कधी घालू नका, तेलाचा वास धुण्यात जात नाही. तिला रंगाच्या कॅरेटमध्ये टाका, झाकण काढून.

नर्मदाकाठ

मृण्मयीताई, यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवला. आमचा स्टाफचा टेम्पो भाजीसाठी सकाळी चोइथराम मंडीला येतो, शहराकडे येताना रिकामाच असतो. बाटल्या त्यातून शहरात पोहोचवता येतील. तुमच्या त्या सकाळच्या फेरीत आमचं नाव लिहा, वार आणि वेळ कळवा.